बोडीवरची हिरवी साय



भंडारा-गोंदियाकडे घराच्या मागे, नाहीतर धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला लहानसे तळे असते. त्याला बोडी म्हणतात. मोठा तलाव गावाचा, बोडी घरची. धानाला एखादे पाणी कमी पडले तर ती देते, चार मासे देते, गुरांना पाणी देते. कोकणातली मंडळी हिला तळी म्हणतील, देशावरची शेततळे म्हणतील. नाव काहीही असो, पाऊस सरता सरता पुष्कळांच्या घरी एकच तक्रार ऐकू येते : "पाणी दिसेनासे झाले हो, सगळी बोडी हिरवीगार झाली!"

ही हिरवळ कशाची, ते आधी नीट बघा. काठाशी बसून ओंजळभर उचला. धाग्यासारखी, बुळबुळीत लागली तर ते शेवाळ. मोठाली जाड पाने आणि फुगीर देठ असतील तर ती जलपर्णी. पण कपाळाच्या टिकलीएवढी, किंवा तिच्याहूनही बारीक, सुटी सुटी पाने हाताला चिकटली आणि प्रत्येकाखाली केसासारखे एकच मूळ लोंबताना दिसले, तर आज ज्या वनस्पतीविषयी सांगायचे आहे ती हीच. इंग्रजीत हिला डकवीड म्हणतात, म्हणजे बदकांचे तण. शास्त्रज्ञ तिला लेम्ना म्हणतात. आपण सोयीसाठी टिकलीतण म्हणू. तिची एक थोरली बहीण आहे, तिच्या पानाची खालची बाजू जांभळट असते आणि मुळांचा झुपका असतो. एक धाकटीही आहे, तिला मूळच नसते. रव्याच्या कणासारखी ती पाण्यावर पसरते. फुलणाऱ्या वनस्पतींत जगात सर्वांत लहान म्हणतात ती या धाकटीच्याच जातीची. तिघींची रीत एकच आणि उपायही एकच.

रीत कोणती? तर टिकलीतण बीवर फारसे अवलंबून राहत नाही. एका पानाच्या कुशीतून दुसरे पान फुटते, सुटे होते आणि आपला संसार मांडते. ऊन, ऊब आणि खत मिळाले तर दोन-तीन दिवसांत एकाची दोन होतात. ऐकायला हे साधे वाटते. आता हिशेब करून पाहा.

तुमची बोडी एक गुंठ्याची धरू. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. आज तिच्या एका कोपऱ्यात एक चौरस फूट हिरवे दिसते. तेवढ्याकडे कोण लक्ष देतो? दर तीन दिवसांनी दुप्पट धरले तर पंधराव्या दिवशी ३२ चौरस फूट होते. तरीही आपण म्हणतो, आहे थोडे काठाला. चोविसाव्या दिवशी २५६ फूट, म्हणजे पाव बोडीसुद्धा नाही. सत्ताविसाव्या दिवशी ५१२, निम्मी बोडी. आणि तिसाव्या दिवशी १०२४, म्हणजे पाणी संपले, हिरवळ उरली! पाव बोडी आणि पूर्ण बोडी यांत सहाच दिवसांचे अंतर. "रातोरात पसरले" असे जे लोक म्हणतात ते काही अगदीच खोटे नाही. प्रत्यक्षात दाटी झाली की वाढ मंदावते, थंडीतही मंदावते. हिशेब इतका काटेकोर चालत नाही, पण त्याचा कल हाच असतो.

आता कोणी विचारील, राहू द्या की हिरवे, बिघडते काय? थोडे असले तर खरोखरच बिघडत नाही. मासे त्याच्या सावलीत बसतात, बदके खातात. पण सगळे पाणी झाकले की तीन गोष्टी होतात.

एक तर पाण्यात उजेड शिरत नाही. पाण्यातली बारीक शेवाळी आणि बुडालेल्या वनस्पती दिवसा प्राणवायू तयार करून पाण्यात मिसळतात, ते काम थांबते. टिकलीतण स्वतः प्राणवायू सोडते, पण बहुतेक वर हवेत, पाण्याला त्याचा उपयोग नाही. शिवाय हवा आणि पाणी यांच्या मध्ये झाकण बसलेले. खाली तळाशी मेलेली पाने कुजत असतात, तीही प्राणवायू खातात. मग पहाटेच्या वेळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करू लागतात. हे दिसले की वेळ फार थोडा उरला असे समजावे. वर्षभर वाढवलेली कटला-रोहू एका रात्रीत पांढरी पोटे वर करून पडतात, ती अशीच.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी वास मारू लागते आणि गुरे तोंड लावीनाशी होतात.

तिसरी गोष्ट मी मुद्दाम थांबून सांगतो, कारण तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. दाट टिकलीतणाने झाकलेली बोडी लहान मुलाला पाणी वाटतच नाही. त्याला ती हिरवळ वाटते. वासराचेही तसेच. पाऊल टाकले की ते थेट खाली जाते आणि वरचे हिरवे क्षणात पुन्हा जुळते. तिथे कोणी पडले याची खूणसुद्धा राहत नाही. म्हणून ज्या घरात चालते-रांगते मूल आहे तिथे बोडी साफ होईपर्यंत, आणि खरे म्हटले तर नंतरही, काठाला बांबूचे कुंपण असावेच. मासे गेले तर पुढच्या पावसाळ्यात नवे बोटुकले टाकता येते.

आता काढायचे कसे? औषध टाका असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. बागाईतदाराच्या घरी मोरचूद असतो, तो हाताला येतो. मोरचुदाने शेवाळ मरते, टिकलीतणावर मात्र त्याचा भरवसा नाही आणि मासे मात्र नक्की धोक्यात येतात. तणनाशकाचे म्हणाल तर ज्या पाण्यावर गुरे जातात, ज्यात मासे आहेत, जे पुढे धानाला जाते, त्यात शेतातल्या तणाचे औषध ओतणे मला पसंत नाही. समजा, ओतले आणि सगळे टिकलीतण एकदम मेले. मग ते जाईल कुठे? तळाशी जाईल, कुजेल, उरलासुरला प्राणवायू खाईल आणि आपल्या अंगातले खत पुन्हा पाण्यातच सोडील. त्या खतावर पुढची पिढी पोसेल. तण मेले, पण बोडीतून काहीच बाहेर गेले नाही.

खरे इंगित इथे आहे. टिकलीतण म्हणजे पाण्यात उतरलेले खत. गोठ्याचे मूत, शेणाचा ओघळ, बांध्यांतून वाहून आलेला युरिया, काठावर धुतलेल्या कपड्यांचा साबण, बांबूची आणि चिंचेची पडलेली पाने यांतले नत्र आणि स्फुरद पाण्यात येते, आणि ते टिकलीतण शोषून घेते. म्हणून ते हाताने उपसून बाहेर काढणे हा जुनाट उपाय वाटला तरी तोच शहाणपणाचा आहे. प्रत्येक टोपलीबरोबर खतही बाहेर जाते. दाट थर असेल तर चौरस मीटरला साधारण अर्धा ते एक किलो ओले वजन भरते. एका गुंठ्यातून सत्तर-ऐंशी किलो निघाले असे धरा. त्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक नुसते पाणी, वाळवले तर चार-पाच किलोच उरते. पण तेवढ्यात सुमारे पाव ते अर्धा किलो युरियात असेल इतके नत्र असते.

उपसण्याचे काम वाऱ्याकडून करून घ्यावे. टिकलीतणाला धरून ठेवणारे मूळ जमिनीत नसते, त्यामुळे वारा वाहतो त्या बाजूच्या कोपऱ्यात ते आपोआप गोळा होते. असा दिवस बघा. तणसाचा मनगटाएवढा जाड दोर वळा, किंवा वाळलेले बांबू टोकाला टोक बांधून लांब करा. दोन माणसांनी दोन काठांवरून तो पाण्यावर ओढत आणावा, म्हणजे सगळे हिरवे पुढे ढकलले जाऊन कोपऱ्यात दाटते. मग दोर तिथेच बांधून ठेवावा, म्हणजे ते मागे फिरणार नाही. आता जुन्या मच्छरदाणीचे कापड बांबूच्या चौकटीला शिवून केलेल्या झाऱ्याने उपसा करावा. मासे धरायच्या जाळ्याची भोके मोठी, त्यातून टिकल्या गळून जातात. पाण्यात उतरून गाळ तुडवू नये. गाळ ढवळला की माशांचा जीव आणखी कासावीस होतो. आणि हे काम सकाळी ऊन चढल्यावर करावे, एकट्याने करू नये. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात बांबूची टोके चिंध्यांनी गुंडाळा, नाहीतर कागद फाटून पाणी जमिनीत जायचे.

सगळ्यांत जास्त माणसे जिथे चुकतात ती जागा म्हणजे शेवट. दहातले नऊ भाग काढले की बोडी स्वच्छ दिसते, हात दुखत असतात आणि मंडळी घरी जातात. पुन्हा वरचाच हिशेब घाला : एक दशांश उरले तर दहा दिवसांत बोडी पूर्ववत! तोच उरलेला भाग आणखी उपसून एका चौरस फुटावर आणलात तर महिना मिळतो. म्हणजे शेवटच्या दोन तासांची मेहनत ही पहिल्या दिवसभराच्या मेहनतीहून किमती. काठच्या गवताच्या बुडाशी, पाणकणसाच्या झुडपात लपलेल्या टिकल्या झाऱ्याने खरवडून काढाव्यात. नंतर आठवड्यातून एकदा अर्धा तास दिला तरी पुरतो.

काढलेले काठावरच टाकू नका. पहिल्या पावसात त्याचा रस परत आत येतो. लांब न्यावे, तणस किंवा वाळला पाचोळा एक थर, हे एक थर असे खड्ड्यात घालावे. नुसते टिकलीतण रचले तर त्याचा घाण वासाचा चिखल होतो. कोंबड्यांना, बदकांनाही ते चालते. वाळवल्यावर त्यात प्रथिने चांगली असतात, मात्र नेहमीच्या खाद्यात थोडे मिसळून द्यावे. एक पथ्य पाळा. ज्या पाण्यात गटाराचे किंवा कारखान्याचे पाणी येते तिथले टिकलीतण जनावराला घालू नका. ते पाण्यातले जड धातूसुद्धा शोषते.

"मग बदकेच सोडली तर?" सोडा की, दोन-चार. गवत्या मासाही टिकलीतण आवडीने खातो, विशेषतः लहान असताना. हा मासा मूळचा आपला नव्हे, १९५९ साली हाँगकाँगहून भारतात आणला गेला. त्याला नदी-नाल्यात जाऊ देऊ नये, सांडव्याला जाळी लावावी. पण एक लक्षात ठेवा. बदक आणि मासा खातात ते विष्ठेच्या रूपाने पुष्कळसे पाण्यालाच परत देतात. तण कमी होते, खत आतच फिरत राहते. म्हणून बदके ही मदतनीस समजावीत, कारभारी नव्हे.

कारभार आपला, आणि तो काठावर करायचा. गोठ्याकडून बोडीकडे उतार असेल तर मध्ये वीतभर खोल चर खणून ते पाणी वळवावे आणि केळी-अळूच्या आळ्यात सोडावे. तिथे ते सोने आहे, बोडीत ते विष. धुणे काठावर न धुता दहा पावले दूर दगड मांडावा. बांध्यांना युरिया दिल्यावर चार दिवस त्यांचे पाणी बोडीत उतरू देऊ नये. वाऱ्याच्या बाजूची झुडपे छाटावीत. टिकलीतणाला संथ, आडोशाचे पाणी आवडते, लाटा त्याला सोसत नाहीत. आणि उन्हाळ्यात बोडी आटली की गाळ काढून धानाच्या बांधीत पसरावा, ही आपली जुनी चाल मुळीच सोडू नये. वर्षानुवर्षांचे खत त्या गाळात साठलेले असते. हे केले नाही आणि नुसतेच टिकलीतण काढले, तर पुष्कळदा पाणी शेवाळाने हिरवे होते.

शिक्षक बंधू-भगिनींनी हा विषय वर्गात जरूर घ्यावा, खर्च काहीच नाही. दोन सारख्या परातींत विहिरीचे पाणी घ्या. एकीत चमचाभर शेण कालवा, दुसरीत काही घालू नका. दोन्हींत मोजून दहा-दहा टिकल्या सोडा आणि जिथे ऊन येते तिथे ठेवा. मुलांनी एक दिवसाआड मोजून फळ्यावर आकडे मांडावेत. दोन आठवड्यांत दोन्ही परातींतला फरक मुलांना आपोआप दिसेल, आणि दुपटीचा पाढा कशाला शिकायचा हेही कळेल. मोजून झाले की त्या परातींतले पाणी बोडीत मात्र ओतू नका, झाडाच्या बुडाशी ओता. परात, झारा, बादली, जे जे त्या पाण्यात बुडाले ते कडक उन्हात दिवसभर वाळवून मगच दुसऱ्याच्या बोडीकडे न्यावे. एका घरचे टिकलीतण दुसऱ्या घरी जाते ते बहुधा असेच, बादलीच्या कडेला चिकटून.