पिस्तूल अडकणे

अर्धस्वयंचलित पिस्तुलात काडतूस भरणे, गोळी झाडणे आणि रिकामी पुंगळी बाहेर टाकणे हे चक्र मध्येच खंडित होते, त्यास पिस्तूल अडकणे असे म्हणतात. हा बिघाड मॅगझिन, काडतूस, यंत्रणा किंवा वापरणाऱ्याची पकड यांपैकी कशामुळेही उद्भवू शकतो. अडकलेल्या पिस्तुलाच्या कक्षात जिवंत काडतूस असण्याची शक्यता असल्याने ते भरलेल्या पिस्तुलाइतकेच धोकादायक मानले जाते. भारतात शस्त्रदुरुस्तीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. त्यामुळे परवानाधारक अधिकृत विक्रेत्यावर अवलंबून असतो आणि विक्रेत्याच्या सेवेतील त्रुटी हा सुरक्षिततेचाही प्रश्न ठरतो.

कार्यपद्धती

गोळी झाडल्यावर निर्माण झालेल्या वायूच्या दाबाने पुंगळी मागे ढकलली जाते आणि तिच्यासोबत स्लाइड मागे सरकते. या हालचालीत निष्कर्षक नावाचा आकडा पुंगळीला कक्षाबाहेर ओढतो व क्षेपक तिला बाहेर फेकतो. त्यानंतर दाबली गेलेली स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते. पुढे जाताना स्लाइड मॅगझिनमधील सर्वांत वरचे काडतूस कक्षात सरकवते. हे सर्व सेकंदाच्या लहानशा अंशात घडते. रिव्हॉल्व्हरमध्ये फिरते चक्र चापाच्या किंवा घोड्याच्या ओढीने पुढे सरकते, म्हणून निकामी काडतूस आल्यास पुन्हा चाप ओढून पुढचे काडतूस समोर आणता येते. पिस्तुलात मात्र प्रत्येक गोळी आधीच्या गोळीच्या शक्तीवर विसंबून असते.

बिघाडाचे प्रकार

गोळी न सुटणे : चाप ओढला तरी काडतूस पेटत नाही. जुने किंवा ओल लागलेले काडतूस, कमजोर स्प्रिंग अथवा झिजलेली आघातसुई ही याची कारणे असतात.

विलंबाने सुटणे : आघातानंतर काही क्षणांनी काडतूस पेटते. हा प्रकार दुर्मीळ असला तरी पिस्तूल लगेच उघडणाऱ्यास इजा होऊ शकते.

भरणा अडणे : काडतूस मॅगझिनमधून वर येते, पण कक्षात पूर्ण शिरत नाही. मॅगझिनच्या तोंडाशी असलेल्या पत्र्याच्या कडा वाकणे हे याचे एक नेहमीचे कारण आहे.

पुंगळी अडकणे : बाहेर पडणारी पुंगळी स्लाइडच्या झरोक्यात उभी अडकते.

दुहेरी भरणा : कक्षातील पुंगळी न निघता तिच्यामागे दुसरे काडतूस येऊन बसते.

गोळी नळीत राहणे : काडतुसात दारू कमी असल्यास बार दबका होतो आणि गोळी नळीतच थांबते. त्यानंतर दुसरी गोळी झाडल्यास नळी फुटू शकते. हा सर्वांत घातक प्रकार होय.

०.३२ एसीपी काडतुसाची विशेष अडचण

लष्करी व पोलीस वापरातील ९ मिमी काडतूस भारतातील सामान्य परवानाधारकास उपलब्ध नसते. त्यामुळे खासगी वापरात ०.३२ बोअरची पिस्तुले व रिव्हॉल्व्हर मोठ्या प्रमाणावर आढळतात. पश्चिम बंगालमधील ईशापूर रायफल कारखान्यात तयार होणारे ‘अशनी’ हे पिस्तूल ०.३२ एसीपी काडतुसाचे आहे. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले हे काडतूस १८९९ पासून वापरात आहे.

या काडतुसाच्या बुडाची कड पुंगळीपेक्षा किंचित रुंद असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेमागे गेली, तर स्लाइड वरचे काडतूस पुढे ढकलताना दोन्ही एकमेकांत गुंततात. अशा वेळी स्लाइड मागे-पुढे ओढून अडथळा सुटत नाही, मॅगझिन काढून काडतुसे पुन्हा भरावी लागतात. लांबीने आखूड काडतुसे वापरल्यास ही शक्यता वाढते. भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या पुढे राहील याची काळजी घेतल्यास हा दोष बराच टळतो.

सामान्य कारणे

साफसफाईचा अभाव आणि तेलाचा अतिरेक ही दोन्ही बिघाडाची कारणे आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील पूर्णा खोऱ्यात, म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगाव या भागांत, उन्हाळा कडक असतो आणि काळ्या मातीची धूळ उडते. जास्त तेल लावलेल्या भागांवर ही धूळ चिकटून चिखलासारखा थर तयार होतो. याउलट दीर्घकाळ न वापरलेल्या शस्त्रावरील तेल सुकून चिकट बनते. निवडणूक काळात प्रशासनाच्या आदेशाने परवानाधारकांना शस्त्रे जमा करावी लागतात. परत मिळाल्यावर अशी शस्त्रे तपासून व स्वच्छ करून ठेवणे इष्ट असते.

काडतुसे परवान्यावर नमूद केलेल्या मर्यादेतच विकत घेता येतात. त्यामुळे तीच काडतुसे वर्षानुवर्षे जपून ठेवण्याची प्रवृत्ती दिसते. चामड्याच्या पट्ट्यात किंवा म्यानात दीर्घकाळ राहिलेल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवट थर चढतो व ती कक्षात नीट बसत नाहीत. मनगट सैल ठेवून गोळी झाडल्यास संपूर्ण पिस्तूल मागे जाते, स्लाइडला पुरेसा आधार मिळत नाही आणि चक्र अपुरे राहते. निर्दोष पिस्तूलही या कारणाने अडकू शकते.

सुरक्षित हाताळणी

पिस्तूल अडकल्यास पुढील क्रम सर्वसाधारणपणे पाळला जातो :

१. नळी सुरक्षित दिशेला रोखून धरणे व बोट चापावरून काढणे.
२. गोळी सुटली नसल्यास त्याच स्थितीत किमान ३० ते ६० सेकंद थांबणे.
३. मॅगझिन काढणे.
४. स्लाइड मागे ओढून कक्षातील काडतूस किंवा पुंगळी बाहेर काढणे.
५. कक्ष रिकामा असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करणे.
६. बार नेहमीपेक्षा दबका वाटला असल्यास नळी मोकळी असल्याचे पाहिल्याखेरीज दुसरी गोळी न झाडणे.

मॅगझिन काढल्याने पिस्तूल रिकामे होत नाही, कारण कक्षात एक काडतूस राहू शकते. अपघात टाळण्यासाठी ही बाब ध्यानात ठेवणे सर्वांत आवश्यक असते. दोष वारंवार येत असल्यास प्रथम दुसरे मॅगझिन, नंतर नवी काडतुसे वापरून पाहिली जातात. एकावेळी एकच घटक बदलल्याने दोषाचे मूळ कळते. अशी चाचणी केवळ अधिकृत नेमबाजी केंद्रावरच करणे योग्य ठरते. कानस लावणे, स्प्रिंग कापणे असे घरगुती प्रयोग शस्त्र कायमचे असुरक्षित करतात.

दुरुस्ती आणि कायदा

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रांची विक्री, दुरुस्ती व चाचणी परवान्याशिवाय करता येत नाही. शस्त्राचे सुटे भागही अधिनियमाच्या व्याख्येनुसार ‘शस्त्र’ या संज्ञेत मोडतात. म्हणून गावातील कुशल लोहार किंवा यंत्रकारागीर यांच्याकडून पिस्तूल दुरुस्त करून घेणे बेकायदेशीर ठरते. दुरुस्तीसाठी दुसऱ्या व्यक्तीमार्फत शस्त्र पाठवायचे असल्यास परवानाधारकाचे लेखी अधिकारपत्र लागते, अशी तरतूद कलम ३ मध्ये आहे.

बुलढाणा जिल्ह्यात पोलीस आयुक्तालय नसल्याने सामान्य शस्त्रपरवान्यांचे अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असतात. जिल्ह्याच्या उत्तरेकडील मध्य प्रदेश सीमेलगत गावठी पिस्तुले जप्त होण्याच्या घटना घडल्या आहेत. अशा पिस्तुलांच्या नळीची दाबचाचणी झालेली नसते. त्यामुळे ती बाळगणे गुन्हा तर असतेच, शिवाय ती झाडणाऱ्याच्या हातातच फुटण्याचा धोका असतो.

विक्रेत्याची सेवा आणि ग्राहकाचे हक्क

दुरुस्तीस विलंब, दोष असल्याचेच नाकारणे, कारण न सांगता शस्त्र परत करणे आणि पावती न देणे या तक्रारी कोणत्याही विक्रेत्याबाबत उद्भवू शकतात. शस्त्र खरेदीसाठी परवाना लागत असला तरी खरेदीदार ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली ग्राहकच असतो. हा अधिनियम २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यात वस्तूतील दोष व सेवेतील त्रुटी यांच्या स्वतंत्र व्याख्या आहेत.

शस्त्र दुरुस्तीस देताना त्याचा क्रमांक, सोबत दिलेली मॅगझिन, दोषाचे वर्णन आणि परतीची तारीख असलेली पावती घेणे महत्त्वाचे असते. शस्त्र विक्रेत्याकडे असताना ते कोणाच्या ताब्यात आहे, याचा पुरावाही ही पावतीच ठरते. किती गोळ्या झाडल्या, कोणती काडतुसे वापरली आणि कोणत्या प्रकारचा अडथळा आला, याची नोंद ठेवल्यास दोष वापराचा की उत्पादनाचा हे ठरवणे सोपे जाते. विक्रेत्याने दाद न दिल्यास उत्पादकाकडे लेखी तक्रार करता येते. ईशापूर व कानपूर येथील शस्त्रनिर्मिती कारखाने १ ऑक्टोबर २०२१ पासून कानपूरस्थित ‘ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीकडे आहेत. काडतुसे बनवणारे खडकी व वरणगाव येथील कारखाने ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’कडे आहेत.

त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार दाखल करण्याची सोय २०१९ च्या अधिनियमाने केली. त्यामुळे नागपूर किंवा अन्य शहरात खरेदी केलेल्या पिस्तुलाबाबत बुलढाण्याच्या रहिवाशाला बुलढाण्यातच तक्रार करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ती करावी लागते. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. आवश्यकता भासल्यास आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी पाठवू शकतो. आयोगाच्या निर्णयाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. शस्त्र परत न देणे किंवा परवान्याच्या अटींचा भंग करणे अशा बाबी मात्र परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या निदर्शनास आणाव्या लागतात. कलम १७ खाली या अधिकाऱ्यास परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो.