लिनक्समध्ये डेस्कटॉप सुरू न होणे

लिनक्स प्रणालीचा संगणक चालू होतो, परंतु डेस्कटॉप उमटत नाही, असा हा बिघाड आहे. पडदा काळा राहतो, नुसती लुकलुकणारी खूण दिसते, किंवा परवलीचा शब्द बरोबर देऊनही प्रवेशाचाच पडदा पुन्हा समोर येतो. सर्व काही पुसले गेले, अशी धास्ती अशा वेळी वाटते. वस्तुतः बहुतेक प्रसंगी संचिका सुरक्षित असतात. घाईने प्रणाली नव्याने बसवली तर मात्र त्या गमावण्याचा धोका असतो.

== रचना ==
लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली प्रसिद्ध केले ते केवळ कर्नल. डेस्कटॉप त्याचा भाग नव्हे. पडद्यावर चित्र उमटवण्याचे काम १९८४ साली एमआयटीत जन्मलेली एक्स विंडो प्रणाली किंवा तिच्या जागी आलेली वेलँड करते. प्रवेशाचा पडदा जीडीएम, लाइटडीएम यांसारखा डिस्प्ले मॅनेजर दाखवतो आणि त्यानंतर ग्नोम, केडीई किंवा एक्सएफसीई उभे राहते. वरची कडी तुटली तरी खालच्या शाबूत राहतात. म्हणूनच कंट्रोल, आल्ट व एफ३ या कळा एकत्र दाबल्यास बहुधा अक्षरी पडदा मिळतो व दुरुस्ती तेथूनच करता येते. तो न मिळाल्यास ग्रबच्या यादीतून जुने कर्नल अथवा रिकव्हरी मोड निवडावा.

== कारणे व उपाय ==
सर्वांत साधे आणि सर्वाधिक दुर्लक्षित कारण म्हणजे डिस्क पूर्ण भरणे. डेस्कटॉपला सुरू होताना काही तात्पुरत्या संचिका लिहाव्या लागतात, अक्षरी प्रवेशाला तशी गरज नसते. ‘डीएफ’ या आज्ञेने शिल्लक जागा कळते.

प्रवेशाचा पडदा पुनःपुन्हा येत असेल, तर ‘एक्सऑथॉरिटी’ या लपलेल्या संचिकेची मालकी तपासावी. चित्रमय प्रोग्राम ‘सुडो’ने चालवल्यास ती कधी कधी रूटकडे जाते. नवे खाते उघडून पाहणे हीही उत्तम कसोटी होय: तेथे डेस्कटॉप आला, तर दोष जुन्या खात्याच्या मांडणीत आहे.

अद्ययावतीकरणानंतर पडदा काळा झाला व जुन्या कर्नलवर डेस्कटॉप आला, तर बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हर नव्या कर्नलशी जुळलेला नसतो.

अचानक वीज जाण्यानेही फाइल प्रणाली बिघडते. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याचा रिवाज आहे, हे घरी संगणक वापरणाऱ्याने ध्यानी ठेवावे. तपासणीची ‘एफएससीके’ आज्ञा डिस्कचा विभाग जोडलेला असताना चालवू नये.

== मराठी वापरकर्त्यांची अडचण ==
प्रणालीची भाषा मराठी असल्यास अक्षरी पडद्यावर चुकीचे संदेश चौकटींच्या रूपात दिसतात. तेथे एका वेळी जास्तीत जास्त ५१२ वर्णचिन्हे मावतात व जोडाक्षरे जुळत नाहीत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेला लोहित टंक बसवलेला असला, तरी येथे त्याचा उपयोग नाही. ‘लँग’ या चलाचे मूल्य तात्पुरते ‘सी’ केल्यास संदेश इंग्रजीत वाचता येतात.

कित्येकदा बिघाड नसतोच. कळफलक इन्स्क्रिप्टवर राहिलेला असतो आणि ठिपक्यांआड परवलीचा शब्द देवनागरीत टंकला जातो.