संगणकीय कार्यालय, लेखांक ७ : दिलेला अधिकार परत कसा घ्यावा?

मागील लेखांकात सामायिक दस्तऐवजांच्या साठवणुकीचा विचार झाला. प्रस्तुत लेखांकाचा विषय प्रवेशाधिकार हा आहे, म्हणजे एखादी फाइल कोणी पाहावी, तीत कोणी बदल करावा आणि ती पुढे कोणाला देता यावी हे ठरवणारी व्यवस्था. विवेचनासाठी गूगल ड्राइव्ह हे परिचित उदाहरण घेतले आहे.

या व्यवस्थेची वैचारिक मांडणी बरीच जुनी आहे. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ साली संगणकातील माहितीच्या संरक्षणावर लिहिलेल्या निबंधात जी तत्त्वे सांगितली, त्यांपैकी दोन येथे महत्त्वाची आहेत. पहिले किमान अधिकाराचे, म्हणजे प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार असावा आणि त्याहून अधिक नसावा. दुसरे असे की, नकार हीच मूळ अवस्था मानावी आणि प्रवेश मिळावा यासाठी स्पष्ट परवानगीची गरज असावी. दुसरे तत्त्व ड्राइव्हमध्ये आपोआप पाळले जाते, कारण नवी फाइल केवळ मालकालाच दिसते, मात्र ती अशा फोल्डरमध्ये तयार केलेली नसावी की जो आधीच इतरांना खुला आहे. पहिले तत्त्व पाळणे मात्र पूर्णपणे माणसांवर सोपवलेले आहे आणि ढिलाई होते ती तेथेच.

दर्शक, टिप्पणीकार, संपादक आणि मालक या चार भूमिकांचा अर्थ त्यांच्या नावांतूनच कळतो. ध्यानात येत नाही ती गोष्ट अशी की, संपादकाला फाइलमध्ये बदल करण्याबरोबरच ती इतरांना खुली करण्याचाही अधिकार सामान्यतः मिळतो आणि तो नको असल्यास मालकाला सेटिंगमध्ये जाऊन तो बंद करावा लागतो.

प्रवेश देण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतील फरक हा या विषयाचा गाभा आहे. पहिल्या मार्गात फाइलसोबत नावांची एक सूची असते आणि उघडू पाहणाऱ्याची ओळख पटवून त्या सूचीशी ताडली जाते. दुसऱ्या मार्गात, म्हणजे ‘लिंक असलेले कोणीही’ हा पर्याय निवडल्यावर, ओळख विचारलीच जात नाही आणि लिंक हाती असणे हाच अधिकार ठरतो. रेल्वेच्या मासिक पासाला ओळखपत्राची जोड लागते, पण लोकलचे साधे तिकीट ज्याच्या हाती तो प्रवासी, तसाच हा भेद आहे. सूचीतील एक नाव खोडता येते आणि इतरांचे काम सुरू राहते. लिंक मात्र व्हॉट्सॲपच्या एका गटातून दुसऱ्या गटात गेली की ती कोणाकोणाकडे आहे हे मालकाला कळण्याचा मार्ग उरत नाही आणि ती मागे घ्यायची तर सर्वांसाठी एकदमच बंद करावी लागते. शिवाय दरम्यान ज्याने फाइल उतरवून घेतली, त्याच्याकडील प्रत कोणत्याही उपायाने परत येत नाही. लिंक सोयीची आहे हे खरे, परंतु सभेची सूचना किंवा सुट्ट्यांची यादी यांपलीकडच्या कोणत्याही दस्तऐवजासाठी ही सोय महागात पडणारी आहे.

नावांची सूचीही निर्दोष नव्हे. फोल्डरवर दिलेला अधिकार आतील फाइलींना लागू होतो, त्यामुळे वर्षापूर्वी एका अहवालासाठी फोल्डरमध्ये घेतलेल्या बाहेरच्या सल्लागाराला, त्याचे नाव तसेच राहिल्यास, आज ठेवलेला दस्तऐवजही दिसतो. यावरचा अधिक टिकाऊ उपाय म्हणजे व्यक्तीऐवजी गटाला, उदाहरणार्थ ‘लेखा विभाग’ या गटाच्या ईमेल पत्त्याला, अधिकार देणे. कारण बदली झालेल्याचे नाव गटातून काढले की त्या गटामार्फत मिळालेले सर्व प्रवेश एकाच वेळी संपतात. कार्यालयीन खात्यांत प्रवेशाला अंतिम तारीख घालण्याचीही सोय आहे आणि तात्पुरत्या सहकाऱ्यांसाठी ती वापरली जावी.

मालकीचा प्रश्न याहून गंभीर आहे. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या ड्राइव्हमधील फाइलींचा मालक त्याचे खाते असते. नोकरी सोडल्यावर ते खाते मालकी हस्तांतरित न करता हटवले गेले, तर फाइलीही त्याबरोबर जातात आणि प्रशासकाला खाते पूर्ववत करण्यासाठी केवळ २० दिवस मिळतात. सामायिक ड्राइव्हमध्ये मालकी संस्थेची असल्याने हा धोका उद्भवत नाही, म्हणून कायमस्वरूपी दस्तऐवजांची जागा तीच होय.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, वैयक्तिक माहितीच्या सुरक्षिततेसाठी वाजवी उपाय न योजणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तथापि दंडाच्या भीतीपेक्षा मोठे कारण हे की, वेतनपत्रके, वैद्यकीय प्रमाणपत्रे आणि नोकरीसाठी आलेले अर्ज ही त्या त्या माणसांनी विश्वासाने सोपवलेली माहिती असते. निदान अशा फोल्डरांच्या प्रवेशसूच्या दर तीन महिन्यांनी तपासल्या जाव्यात आणि ती जबाबदारी नावानिशी एका अधिकाऱ्याकडे लेखी सोपवली जावी.