विश्लेषण : दोघांच्या ‘टाइम ट्रायल’मध्ये घड्याळ दुसऱ्याचे चाक पाहूनच का थांबते?

सायकलिंगमधील ‘टाइम ट्रायल’ ही घड्याळाविरुद्धची शर्यत. एकट्याची असते, सहा-आठ जणांच्या संघाची असते आणि तुलनेने कमी चर्चेत असलेला तिसरा प्रकार म्हणजे दोघांच्या जोडीची. या प्रकारात वेळ मोजली जाते ती जोडीतील दुसरा सायकलपटू रेषा ओलांडतो तेव्हाची. पहिला कितीही आधी पोहोचला तरी त्याचा उपयोग शून्य. या साध्या नियमामुळे सारे गणितच बदलते. १९६२ मध्ये जगातील सर्वोत्तम ‘टाइम ट्रायल’पटूला त्याच्या जोडीदाराने पाठीवर हात ठेवून अक्षरशः ढकलत नेले, तेही याच प्रकारात.

जोडीची शर्यत चालते कशी?

प्रत्येक जोडी ठरावीक अंतराने एकेकटी सोडली जाते. रस्त्यावर एक जण पुढे राहून हवा कापतो, दुसरा त्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहतो. काही सेकंदांनी पुढचा बाजूला होतो, मागचा पुढे येतो, आणि बाजूला झालेला त्याच्या मागे जाऊन पुन्हा चाक धरतो. हेच शेवटपर्यंत.

या प्रकारातील सर्वात प्रतिष्ठेची शर्यत होती इटलीतील ‘त्रोफेओ बाराक्की’. १९४१ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा १९४९ पासून व्यावसायिक सायकलपटूंच्या जोड्यांसाठी होऊ लागली. अंतर साधारण शंभर किलोमीटर. फाउस्तो कोप्पी, एडी मर्क्स अशी मोठी नावे तिच्या विजेत्यांच्या यादीत आहेत. १९९० नंतर जोड्यांची बाराक्की बंद झाली. फ्रान्समधील मारिन्यी या छोट्या गावात १९८२ पासूनची ‘द्युओ नॉर्मांद’ ही शर्यत मात्र या प्रकाराची ओळख टिकवून आहे. तिथे हौशी आणि व्यावसायिक जोड्या त्याच रस्त्यावर उतरतात.

मागे राहिल्याने नेमके काय वाचते?

सपाट रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलपटूची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. त्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. म्हणजे ताशी ४५ वरून ४८ वर जायचे तर वेग वाढतो जेमतेम सात टक्के, पण हवेशी झुंजायला ताकद लागते सुमारे २१ टक्के जास्त. त्यामुळेच दुसऱ्याच्या आडोशाला एवढे मोल.

आडोशाचा फायदा किती, याचे उत्तर एकच नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी मोजमापात वेलोड्रोमवर चौघांची रांग तपासली गेली. पुढच्याला १०० वॉट लागत असतील तर दुसऱ्याला सुमारे ७१ आणि तिसऱ्या-चौथ्याला प्रत्येकी ६४ वॉट लागतात, असे त्यात आढळले. २०१३ मध्ये बर्ट ब्लोकेन आणि सहकाऱ्यांनी नेमक्या दोनच सायकलपटूंचे संगणकीय प्रारूप तयार केले. ताठ बसलेल्या स्थितीत मागच्यावरचा हवेचा रोध २७.१ टक्क्यांनी घटला, पण ‘टाइम ट्रायल’च्या वाकलेल्या स्थितीत फक्त १३.८ टक्क्यांनी. कारण पुढचा जितका लहान होऊन बसतो, तितका त्याचा आडोसाही लहान होतो. याच अभ्यासातील आणखी एक गंमत : मागे कुणी असल्याचा फायदा पुढच्यालाही मिळतो. थोडाच, २.६ टक्के. पुढच्याच्या पाठीमागे तयार होणारी कमी दाबाची पोकळी मागच्यामुळे काहीशी भरते.

चौघांपेक्षा दोघांना जड का जाते?

वरचेच आकडे घेऊ. चौघांच्या संघात प्रत्येकाची पुढची पाळी चारात एकदा येते. सरासरी काढली तर प्रत्येकाला एकट्याच्या तुलनेत ७५ टक्के ताकद पुरते. दोघांत निम्मा वेळ पुढे, निम्मा मागे; सरासरी साडेपंच्याऐंशी टक्के. एकट्यापेक्षा हे सोपे खरे, पण चौघांच्या रांगेत मिळणारी उसंत इथे नाही. तीस सेकंद हवेत, तीस सेकंद आडोशाला आणि पुन्हा हवेत. मागे असतानाही पायावरचा भार सुटत नाही.

त्यात पाळी बदलण्याचा क्षण सर्वात नाजूक. पुढून बाजूला झालेला तेव्हा सर्वाधिक दमलेला असतो आणि नेमके त्याच वेळी काही सेकंद त्याला आडोसाही नसतो. ताजातवाना झालेला जोडीदार पुढे येताच उत्साहाने वेग वाढवतो, आणि चाक सुटते. दोन मीटरचे अंतर भरून काढायला जी धाप लागते, ती पुढच्या दहा मिनिटांत वसूल होते. जोडीची शर्यत हरणारे बहुतेकदा इथेच हरतात.

१९६२ मध्ये काय घडले?

फ्रान्सचा झाक अँक्तिल तेव्हा तीन वेळा ‘टूर द फ्रान्स’ जिंकलेला होता. घड्याळाविरुद्ध त्याच्यासारखा कुणी नाही, ही जगाची धारणा होती. बाराक्कीत त्याचा जोडीदार होता जर्मनीचा रुडी आल्टिग. दोघे एकाच संघाचे, पण संबंध सरळ नव्हते. त्याच वर्षी स्पेनच्या ‘वुएल्टा’त संघाचा नेता अँक्तिल असताना शर्यत जिंकली ती आल्टिगने, आणि अँक्तिल शेवटपर्यंत न थांबता बाहेर पडला होता.

पत्रकार रने द लातूर स्टॉपवॉच घेऊन या जोडीवर लक्ष ठेवून होते. अशा शर्यतीत पुढची पाळी सहसा काही सेकंदांची, जेमतेम पावणेतीनशे मीटरची असे. त्यांनी घड्याळ सुरू केले तेव्हा आल्टिग पुढे होता. एक मिनिट झाले तरी तो तिथेच. बाजूला होण्याची खूणही तो करेना. मग सपाट रस्त्यावर अँक्तिलचे चाक सुटले.

पुढच्या भागात जे दिसले, ते सायकलिंगच्या इतिहासात वारंवार सांगितले जाते. आल्टिगने मागे वळून ओरडत जोडीदाराला हाका मारल्या, वेग कमी करून त्याला जवळ घेतले, पाठीवर हात ठेवून ढकलले आणि पुन्हा पुढे जाऊन हवा कापली. (आजच्या नियमांत संघातल्या सहकाऱ्यालाही असे ढकलण्यास बंदी आहे.) स्टेडियममध्ये शिरताना अँक्तिलला वळणही नीट दिसले नाही. तो आदळला, डोक्यातून रक्त वाहू लागले आणि त्याला उचलून न्यावे लागले. वेळ स्टेडियमच्या प्रवेशापाशीच नोंदली गेलेली असल्याने शर्यत मात्र या जोडीने जिंकली.

आल्टिगचे कौतुक झाले, ते रास्तच. पण त्याच्या अंगात त्या दिवशी असलेल्या ताकदीनेच अँक्तिलला त्या अवस्थेला आणले, हेही खरे. आल्टिग एकटा असता तर तो वेग योग्यच होता.

मग ताकदवानाने करायचे काय?

वेग वाढवायचा नाही, पाळी वाढवायची. उदाहरणादाखल एक हिशेब. एका वेगाला पुढच्याला ३५० वॉट आणि मागच्याला २५० वॉट लागतात असे धरू. जोडीतील एकाची तासभर टिकणारी क्षमता ३२० वॉट, दुसऱ्याची २८०. पाळ्या सारख्या ठेवल्या तर दोघांवर सरासरी ३०० वॉटचा भार पडतो. पहिला आरामात, दुसरा वीस वॉट जास्त खर्चून हळूहळू कोसळणार. पण पहिला ४२ सेकंद आणि दुसरा १८ सेकंद पुढे राहिला तर? पहिल्याची सरासरी ३२०, दुसऱ्याची २८०. वेग तोच, आणि दोघेही आपापल्या क्षमतेत.

चढ आला की हा हिशेबही कोलमडतो. वेग मंदावतो, हवेचा रोध घटतो, आडोशाचा फायदा जवळजवळ संपतो आणि वजन खेचण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते. तिथे बलवानाने दुबळ्याच्या गतीने जाण्याला पर्याय नाही. आडव्या वाऱ्याचे वेगळेच. वारा डावीकडून असेल तर पुढचा बाजूला होताना डावीकडेच होतो, म्हणजे पुढे येणाऱ्याला त्याचा आडोसा मिळतो.

नाशिकच्या डॉक्टर बंधूंची जोडी वेगळी कशी?

महाराष्ट्राला दोघांच्या सायकल शर्यतीची ओळख झाली ती २०१५ मध्ये. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पूर्ण केली. संघांना मुदत नऊ दिवसांची असते. ही शर्यत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले.

तिथे घड्याळ तेच असले तरी पद्धत रिलेची. एक भाऊ रस्त्यावर, दुसरा गाडीत विश्रांतीला. चाक धरण्याचा प्रश्न नाही, कारण पुढे चाकच नाही. तिथली कसोटी झोपेची आणि पाळ्या आखण्याची. बाराक्कीसारख्या शर्यतीत मात्र जोडीदार सतत डोळ्यांसमोर असतो, अर्ध्या चाकाच्या अंतरावर.

एवढ्या जवळून, मान खाली घालून जाणाऱ्या मागच्याला रस्ता दिसत नाही. दिसते फक्त पुढचे टायर. त्यामुळे सरावाला निघणाऱ्या जोड्या वेगाच्या आधी खुणा शिकतात : खड्डा कोणत्या बाजूला आहे हे पुढच्याने हात खाली करून दाखवायचे, बाजूला होताना कोपर हलवायचे आणि काहीही झाले तरी अचानक ब्रेक दाबायचा नाही. आपल्याकडच्या रस्त्यांवर यातली पहिली खूण पुढच्याला हँडलवरून वारंवार हात काढायला लावते.