इंपीरियल स्टाउट (पिंपात मुरविलेली) : आस्वादन व गुणांकन

भाजून काळ्या केलेल्या सातूच्या माल्टापासून तयार केलेली, घनफळाने साधारणतः ८ ते १२ टक्के अल्कोहॉल असलेली आणि ओक लाकडाच्या पिंपात काही महिने मुरविलेली बिअर. मुरताना पिंपातील आधीच्या मद्याचा अंश तिच्यात उतरत असल्याने हे प्रमाण १२ टक्क्यांच्या पुढेही जाते. तिचे रूप, गंध, चव व तोंडातील स्पर्श ठरावीक क्रमाने तपासून गुण देण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, तिचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे.

इतिहास : अठराव्या शतकात लंडनमध्ये पोर्टर नावाची गडद बिअर लोकप्रिय होती. तिच्या कडक प्रकारास स्टाउट पोर्टर व पुढे नुसते स्टाउट म्हणू लागले. सदर्क येथील थ्रेल यांच्या अँकर कारखान्यातून (१७८१ पासून बार्क्ली पर्किन्स यांच्याकडे) रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरिन (कार. १७६२–९६) हिच्या दरबारासाठी अशी बिअर जात असे, ‘इंपीरियल’ हे विशेषण या रशियन संबंधातून आले. समुद्रप्रवासात गोठू नये म्हणून ती कडक करीत, ही प्रचलित कथा पटण्यासारखी नाही, कारण १० टक्के अल्कोहॉलाने पाण्याचा गोठणबिंदू शून्याखाली चारेक अंशच उतरतो.

त्या काळी सर्वच बिअर पिंपात साठवीत. परंतु लाकडाची चव उतरणे हा दोष समजला जाई. इंग्लिश कारखानदार बाल्टिक प्रदेशातील सौम्य गंधाचा ओक पसंत करीत आणि अमेरिकन ओक टाळीत. आज मुद्दाम वापरतात तो नेमका हाच अमेरिकन ओक. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे बर्बन व्हिस्की नव्या व आतून जाळलेल्या ओकच्या पात्रातच मुरवावी लागते, त्यामुळे एकदा वापरलेले सु. २०० लि. चे पीप त्या कामातून बाद होते. १९९० नंतरच्या दशकात शिकागो येथील गूस आयलंड या कारखान्याने जिम बीम व्हिस्कीची अशी सहा पिंपे स्टाउट मुरविण्यासाठी वापरली आणि या प्रकाराचा प्रसार सुरू झाला.

मुरण्याची क्रिया : तापमानाच्या चढउताराबरोबर द्रव लाकडाच्या छिद्रांत शिरतो व परत बाहेर येतो. येताना तो लाकडात उरलेली व्हिस्की, तसेच लिग्निनाच्या विघटनाने बनलेले व्हॅनिलीन, ओल्या नारळासारख्या वासाची लॅक्टोने, लवंगेतील यूजेनॉल आणि जळक्या पृष्ठभागातील धुरकट संयुगे सोबत आणतो. दुसरीकडे फळ्यांमधून अल्पसा ऑक्सिजन आत येतो. या ऑक्सिडीकरणाने हॉपचा कडवटपणा बोथट होतो, भाजक्या माल्टाचा करपटपणा निवतो आणि सुकामेव्यासारखे गंध उत्पन्न होतात. हीच क्रिया लांबली, तर बिअर शिळी होते. मुरण्याचा काळ सामान्यतः सहा महिने ते एक वर्ष असतो. पीप केव्हा रिकामे करावयाचे हे अखेर चव घेऊनच ठरवितात.

आस्वादन : नमुना ६० ते ९० घ. सेंमी. पुरेसा होतो. पेला तळाशी फुगीर व तोंडाशी निमुळता असावा. तापमान १०° ते १४° से. ठेवतात, थंडगार बिअरमध्ये गंध दबतो व दोषही झाकले जातात. प्रथम रूप पहावे : काळाभोर रंग, तपकिरी फेस आणि तो किती वेळ टिकतो. जास्त अल्कोहॉलामुळे फेस लवकर बसणे हा येथे दोष नव्हे. मग लगेच वास घ्यावा, कारण उडून जाणारे गंध पहिल्या मिनिटातच निघून जातात. त्यानंतर घोट तोंडभर फिरवून गिळावा. वाइनचे परीक्षक घोट थुंकून टाकतात. बिअरचे टाकत नाहीत, कारण गिळल्यानंतर रेंगाळणारा कडवटपणा हा परीक्षणाचाच भाग मानला जातो. साहजिकच एका बैठकीत थोडेच नमुने घेता येतात व अशी कडक बिअर शेवटी ठेवावी लागते. दोन नमुन्यांमध्ये साधे पाणी व पाव घेतात. तांबडा रस्सा ओरपून किंवा पान-तंबाखू खाऊन आलेल्या परीक्षकाचे मत त्या दिवसापुरते बाजूला ठेवणेच इष्ट.

वर्णनाची भाषा : गुणांपेक्षा वर्णन अवघड असते. मॉर्टन माइलगार्ड यांनी तयार केलेले बिअरच्या गंध-चवींचे चक्र १९७९ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय संघटनांनी स्वीकारले. त्यामागे एकाच वासाला सर्वांनी एकच नाव द्यावे हा हेतू होता. मात्र ही नावे परीक्षकाच्या ओळखीची असावी लागतात. पाश्चात्त्य परीक्षक ज्याला मोलॅसिस म्हणतो, त्याच्या जवळचा वास करवीर वा पन्हाळा तालुक्यातील माणसाला काकवीत सापडतो. पाक पुढे जाऊन काहिलीच्या तळाला लागला, म्हणजे गुऱ्हाळावर जो गोडसर-करपट वास पसरतो, तो चांगल्या स्टाउटमध्ये हटकून आढळतो. हे साम्य वरवरचे नाही. शर्करा व ॲमिनो अम्ले यांच्यातील मेलर्ड विक्रिया दोन्हीकडे तीच असते. फार मुरलेल्या बिअरमध्ये मेथ्यांचा वास येतो, तो सोटोलॉन या संयुगामुळे. मेथ्यांमध्येही तेच संयुग असते. ते अत्यल्प असता चवीला खोली येते, वाढले की वार्धक्य दिसते. आपल्या परीक्षकांनी उसन्या शब्दांऐवजी अशा ओळखीच्या वासांवर नाक तयार केले, तर त्यांच्या नोंदी अधिक विश्वसनीय होतील, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

गुणांकन : बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम (स्थापना १९८५) या संस्थेच्या पत्रिकेत ५० गुण असतात : गंध १२, रूप ३, चव २०, तोंडातील स्पर्श ५ आणि एकंदर ठसा १०. पंचेचाळीस व त्यावरील गुण असामान्य, तर १३ व त्याखालील गुण सदोष नमुना दर्शवितात. नमुन्याचे नाव झाकलेले असते. प्रत्येक परीक्षक आधी स्वतंत्रपणे लिहितो. चर्चा नंतर होते.

रूपाला पन्नासांपैकी तीनच गुण, ही बाब कोल्हापूरकरास नवलाची वाटेल. तेथील गुळाच्या सौद्यात ढेपेचा पिवळेपणा भावावर मोठा परिणाम करतो आणि त्यापायी हायड्रॉससारखी विरंजक रसायने रसात मिसळण्याचा मोह होतो [⟶ गूळ]. ज्या गुणाला बाजार पैसे देतो, तो गुण उत्पादक वाढवितो. स्टाउटच्या बाबतीत ही जागा गोडी व कडकपणा यांनी घेतली आहे. दोन घोटांच्या परीक्षणात सर्वांत दाट, गोड व व्हिस्कीने भारलेला नमुना हमखास पुढे जातो. तोच पेलाभर पिणे मात्र नकोसे होते. म्हणून पहिल्या घोटाच्या गुणांवर न थांबता नमुना पंधरा-वीस मिनिटे तसाच ठेवून पुन्हा चाखावा. पीप बाजूला केल्यास मूळची स्टाउट जाणवते काय, हा प्रश्न तेव्हा विचारावा. केवळ व्हॅनिला, नारळ आणि मद्याची जळजळ उरत असेल, तर एकंदर ठशाचे गुण कमी करणे योग्य ठरते.

दोषांपैकी ओल्या पुठ्ठ्याचा वास ऑक्सिडीकरणाचा, सोया सॉससारखा वास मृत यीस्टच्या विघटनाचा, तर व्हिनेगरची आंबट झाक ॲसिटिक अम्लाची निदर्शक असते. लाकडाच्या छिद्रांतील सूक्ष्मजंतू धुऊन निघत नाहीत आणि कडक मद्यातही काही जाती तग धरतात. गूस आयलंडच्या २०१५ सालच्या काही बाटल्या लॅक्टोबॅसिलस ॲसिटोटॉलरन्स या सूक्ष्मजंतूमुळे आंबट झाल्या. कारखान्याने २०१६ मध्ये ग्राहकांना पैसे परत केले आणि पुढील उत्पादनाचे पाश्चरीकरण सुरू केले. बाटलीत भरण्यापूर्वी चव घेणाऱ्यांना जे जाणवले नाही, ते पुढे ग्राहकांना जाणवले. एका दिवसाच्या गुणांची मर्यादा यावरून ध्यानात येते.

भारतातील स्थिती : अन्न सुरक्षा व मानके (मद्ययुक्त पेये) विनियम, २०१८ यांनुसार कडक बिअरमधील अल्कोहॉलाची कमाल मर्यादा ८ टक्के आहे. म्हणजे या प्रकाराची नेहमीची पातळी जेथे सुरू होते, तेथे आपली बिअर संपते. पुण्यात २००९ मध्ये डूलॅली हा लघुकारखाना सुरू झाल्यानंतर महाराष्ट्रात स्टाउट बनू लागली, पण ती या मर्यादेच्या आतील असते. अशा सौम्य बिअरला लाकूड लवकर झाकून टाकते. शिवाय गोव्यात माल्ट व्हिस्की बर्बनच्या पिंपांत मुरविणाऱ्यांचा अनुभव असा, की उष्ण हवेत पिंपातून होणारी बाष्पीभवनाची घट स्कॉटलंडच्या कित्येक पट असते व मुरण्याचा वेगही वाढतो. त्यामुळे येथे पिंपांची खोली थंड ठेवणे व चव पाहण्याच्या पाळ्या महिन्यांऐवजी आठवड्यांनी लावणे आवश्यक ठरते. परीक्षकाने अल्कोहॉलाचा हिशेबही ठेवावा : १२ टक्क्यांच्या ३३० मिलि. बाटलीत सु. ३१ ग्रॅ. अल्कोहॉल असते, तर ५ टक्क्यांच्या ६५० मिलि. बाटलीत सु. २६ ग्रॅ.