तवंग, भरीत आणि दमा

दिवाळी उरकली की जळगावकडे भरिताच्या पार्ट्यांना ऊत येतो. बामणोदची हिरवट वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची आणि वर शेंगदाणे, हिरवी मिरची, कांद्याची पात यांची सढळ तेलातली फोडणी. सोबत कळण्याची पुरी. धुळ्याकडच्या ढाब्यावर बसलात तर शेवभाजीवर लालभडक तवंग. थंडी पडते तीही याच दिवसांत. मग घरातल्या दमेकऱ्याला बजावलं जातं, "तेलकट खाऊ नको, आणि केळं तर मुळीच नको."

तेलाबाबतचा इशारा अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखा नाही. श्वासनलिकांभोवती अनैच्छिक स्नायूंची वेटोळी असतात. ती आवळली की दम लागतो. साल्ब्युटामॉलचा पंप ती सैल करतो. ऑस्ट्रेलियातल्या लिसा वूड आणि सहकाऱ्यांनी 2011 साली दम्याच्या रुग्णांना भरपूर स्निग्ध जेवण दिलं. काही तासांत त्यांच्या श्वासमार्गातला दाह वाढला, आणि पंप घेऊनही श्वास एरवीइतका मोकळा होईना.

असं का व्हावं? मेदाम्लं नुसती जळायला नसतात, ती पेशींना निरोपही देतात. केंतारो मिझुता आणि चार्ल्स एमाला या संशोधकांच्या चमूला 2015 मध्ये माणसाच्या श्वासनलिकेच्या स्नायूवर 'जीपीआर 40' हा ग्राही, म्हणजे असा निरोप पकडणारा रेणू, सापडला. ओलिइक आणि लिनोलिइक आम्ल त्याला चिकटलं की स्नायूचं आवळणं वाढतं. शेंगदाणा आणि सरकी या आपल्याकडच्या तेलांत ही दोन आम्लं भरपूर असतात. उलट ग्लासगो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी 2020 मध्ये दाखवलं की त्याच कुळातला 'एफएफए 4' हा ग्राही जागा केला तर स्नायू सैल पडतो. पेशी प्रोस्टाग्लँडिन ई 2 हे रसायन सोडतात, हे त्याचं एक कारण. ओमेगा-3 मेदाम्लंही याच ग्राहीला चिकटतात. मात्र हे प्रयोग उंदरांवर आणि माणसाच्या ऊतींवर झाले, ढाब्यावरच्या गिऱ्हाइकांवर नव्हे.

ॲराकिडोनिक आम्ल या आणखी एका मेदाम्लाची तऱ्हा तर न्यारीच. त्याच्यापासून स्नायू सैल करणारं हे प्रोस्टाग्लँडिन बनतं, आणि आवळणारी ल्युकोट्राइन्सही. माँटेलुकास्टची गोळी या ल्युकोट्राइन्सचीच वाट अडवते. ॲस्पिरिनमुळे प्रोस्टाग्लँडिनची वाट बंद होते आणि ल्युकोट्राइन्सचं पारडं जड होतं. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिनने धाप लागते ती म्हणूनच.

आता रावेर-यावलचं केळं. कच्च्या केळ्यातला न पचणारा स्टार्च आतड्यातले जीवाणू आंबवतात, त्यातून प्रोपिओनेटसारखी आखूड मेदाम्लं तयार होतात. 2014 च्या एका संशोधनात प्रोपिओनेटने उंदरांच्या फुप्फुसातला ॲलर्जीचा दाह कमी केला. सहा वर्षांनी मिझुता-एमाला यांना दिसलं की तेच प्रोपिओनेट माणसाच्या स्नायूचं आवळणं वाढवतं! तेव्हा केळ्याला औषध ठरवू नये आणि गुन्हेगारही. ज्याला केळ्याची ॲलर्जी आहे, त्याने टाळावं. बाकीच्यांनी खुशाल खावं.

ओमेगा-3 साठी जवसाच्या चटणीचं कौतुकही जरा बेतानेच करायला हवं. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-3 असलं, तरी माशात मिळणाऱ्या प्रकारात त्याचं रूपांतर शरीर फार थोडं करतं. डेन्मार्कमध्ये गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत रोज 2.4 ग्रॅम ओमेगा-3 मेदाम्लं माशाच्या तेलातून दिली, तेव्हा मुलांमधला दमा आणि सततची घरघर सुमारे एक-तृतीयांशाने घटली. हा 2016 चा निष्कर्ष प्रतिबंधाचा आहे, जडलेल्या दम्यावरच्या इलाजाचा नाही.

तेव्हा दमेकऱ्यांनो, यंदाही भरिताला जरूर जा. तेल हात राखून घ्या, काड्यांच्या धुरापासून लांब बसा, पंप खिशात असू द्या. आणि कुणी कितीही गुणकारी तेल सुचवलं, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू औषध सोडू नका.