खारेपाटातली शाळा, एका बरणीत

वडखळ मागे टाकून महामार्गाने नागोठण्याकडे निघालं की गडब लागतं. खाडीचं खारं पाणी, ते अडवणारे बांध, बांधाआडची भातशेती आणि मिठागरं असा हा पेण-अलिबागकडचा खारेपाट. इथल्या एखाद्या घरात सहावी-सातवीतलं पोर काचेच्या बरणीत दोऱ्याला तुरटीचा खडा टांगून बसलं, तर घरचे म्हणतात, ‘शाळेचा प्रकल्प आहे, उरकून टाक.’ स्फटिक वाढवायची ही बरणी उरकायची वस्तू नाही. तिच्याभोवतीचे गैरसमज दूर केले, तर ती अनेक विषय शिकवते.

गैरसमज : स्फटिक म्हणजे हिऱ्यासारखी दुर्मिळ वस्तू. ती घरी कशी तयार होणार?

वस्तुस्थिती : डब्यातलं मीठ, साखर आणि तुरटी हे तिन्ही स्फटिकच आहेत. चकाकीवरून स्फटिक ठरत नाही, आतल्या कणांच्या शिस्तशीर मांडणीवरून ठरतो. काच चकाकते, पण तिच्या कणांना अशी शिस्त नसते, म्हणून ती स्फटिक नव्हे. मिठात सोडियम आणि क्लोरिन यांचे कण एकाआड एक बसलेले असतात. क्ष-किरणांच्या मदतीने लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ साली ही रचना उलगडली.

मिठाचा कण भिंगाखाली पाहा : सहा बाजूंचा घन दिसेल. तुरटीचा नीट वाढलेला खडा आठ बाजूंचा असतो. घनाला सहा बाजू आणि आठ कोपरे, तर अष्टफलकाला आठ बाजू आणि सहा कोपरे. कडा दोघांनाही बारा. मिठाच्या एक मिलिमीटर कडेवर सुमारे ३५ लाख कण ओळीने बसतात. मुलांना ३५ लाखांचा घन करायला सांगा. उत्तर वीस अंकी येतं आणि घातांक कशाला शिकायचे, हा प्रश्न उरत नाही.

गैरसमज : पाणी जितकं गरम, तितकं सगळंच जास्त विरघळतं.

वस्तुस्थिती : १०० मिलिलिटर साध्या पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं आणि उकळत्या पाण्यात फक्त ३९ ग्रॅमच्या आसपास. तुरटीचं तसं नाही. २० अंशांना जितकी विरघळते, त्याच्या अडीच पटींहून जास्त ती ५० अंशांना विरघळते. म्हणून तुरटीचं गरम, संपृक्त पाणी निवताना खडे देतं. मिठासाठी मात्र पाणी उडून जावं लागतं. दोन्हींचा आलेख मुलांनी स्वतः काढावा. एक रेघ जवळजवळ आडवी, दुसरी चढावर. तापवण्याचं काम मोठ्यांनी करावं आणि रंगाच्या मोहाने मोरचूद घरात आणू नये. तो विषारी असतो.

गैरसमज : बरणी उन्हात ठेवली की खडा लवकर मोठा होतो.

वस्तुस्थिती : घाई केली की एका मोठ्या खड्याऐवजी बारीक खड्यांची गर्दी होते. कणांना आपापल्या जागी बसायला वेळ लागतो. बरणीच्या तोंडाला फडकं बांधा, ती हलणार नाही अशा जागी ठेवा आणि रोज ठरलेल्या वेळी खडा मोजा. मेक्सिकोतल्या नायका इथल्या गुहेत अकरा मीटरहून लांब स्फटिक आहेत. भूगर्भातल्या गरम पाण्यात, तापमान जवळजवळ न बदलता, ते अतिशय सावकाश वाढले. ते जिप्समचे आहेत. हे नाव लक्षात ठेवा.

मिठाचा प्रयोग पावसाळ्याआधी करा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठच ओल धरतं. कोकणातल्या मिठागरांचा हंगाम कोरड्या महिन्यांतच का असतो, याचं उत्तर मुलांना बरणीतच सापडेल.

गैरसमज : खारं पाणी आटलं की उरतं ते मीठ.

वस्तुस्थिती : समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, पण ते सगळे खाण्याचं मीठ नसतात आणि एकदम खालीही बसत नाहीत. पाणी मूळच्या साधारण पाचव्या हिश्शावर आलं की जिप्सम सुटू लागतं. दहाव्या हिश्शावर आलं की मीठ. कडवट मॅग्नेशियमचे क्षार शेवटपर्यंत पाण्यात राहतात. लिटरभर साध्या पाण्यात मीठ ३६० ग्रॅम मावतं, जिप्सम जेमतेम अडीच ग्रॅम. म्हणून ते आधी बाहेर पडतं. पाणी एका खणातून दुसऱ्या खणात घेणारा आणि योग्य वेळी मीठ ओढणारा आगरी माणूस हा क्रम हाताने, नजरेने ओळखत आला आहे. ‘आगरी’ हे नावच मिठाच्या आगराशी जोडलं जातं.

गैरसमज : प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती सुकून घट्ट होते.

वस्तुस्थिती : पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतींच्या कारखान्यांत मुलं हे रोज पाहतात. जिप्सम भाजून त्यातलं तीन चतुर्थांश पाणी घालवलं की ही पांढरी पूड होते. तिच्यात पाणी कालवलं की पाणी परत आत शिरतं, सुईसारखे जिप्समचे स्फटिक वाढतात आणि एकमेकांत अडकतात. घट्टपणा येतो तो त्या गुंत्यामुळे, आणि त्या वेळी साचा कोमट लागतो. म्हणजे नायकाची गुहा, मिठागराचा खण आणि गणपतीचा साचा यांत एकच पदार्थ आहे. लिटरला अडीच ग्रॅम हा आकडा इथेही कामाला येतो : अशी मूर्ती तळ्यात का विरघळत नाही, हे मुलं स्वतः सांगू शकतील.

गैरसमज : हा विज्ञानाचा प्रकल्प, इतर विषयांचा अभ्यास बुडतो.

वस्तुस्थिती : १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. हाताच्या कामातून सगळे विषय शिकवायचे. त्याला समवाय म्हणतात. त्याच्या सातच वर्षं आधी, ६ एप्रिल १९३० रोजी, त्यांनी दांडीला चिमूटभर मीठ उचललं होतं. खारेपाटातल्या मुलाला हा इतिहास दूरचा वाटायचं कारण नाही. रोजची नोंद म्हणजे भाषा, मोजमाप म्हणजे गणित, हंगाम म्हणजे भूगोल.

खडा वेडावाकडा झाला किंवा रातोरात विरघळला, तरी तो फेकू नका. का झालं, हे वहीत लिहिलं की तोच सर्वांत मोलाचा धडा ठरतो. आणि घरात कोणी आजोबा-आजी आगरावर राबलेले असतील, तर ती वही आधी त्यांच्यापुढे ठेवा. मीठ कधी धरतं, हे विचारा. पोराने महिनाभर बरणीत जे पाहिलं, ते त्यांनी वर्षानुवर्षं उन्हात उभं राहून पाहिलेलं आहे.